मदत हवी आहे: बुकिंग फॉर्मवर लवादाचं कलम आहे, तर ग्राहक आयोगात जाता येत नाही का?

द्राक्षकरी_तासगाव

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर बाग आहे. अण्णांनी (वडील) गेल्या ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरवरचा ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) घेतला. ३ लाख ४० हजार, सगळे चेकने, कर्ज नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर तिसऱ्याच फवारणीला पंपाचं प्रेशर पडायला लागलं. मेकॅनिक चार वेळा येऊन गेला, डायफ्राम (पंपातला रबरी पडदा) दोनदा बदलला, तरी प्रेशर टिकलं नाही. पोंगा (कोवळी फूट) ते फुलोरा या दिवसांत पाऊस झाला की डाऊनीची (बुरशीच्या रोगाची) फवारणी लगेच पडावी लागते, हे बागवाल्यांना सांगायला नको. भाड्याचा ब्लोअर मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि निम्मे घड हातचे गेले.

कंपनीला नोटीस पाठवली. वकिलाचं इंग्रजी उत्तर आलं: फॉर्मच्या मागच्या कलम १७ प्रमाणे सगळे वाद कंपनीने नेमलेल्या लवादापुढे (कोर्टाऐवजी निवाडा करणारा खाजगी पंच), गुरुग्राममध्येच चालतील. शिवाय यंत्र धंद्यासाठी घेतलंय, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. सोबत एक छापील कागद आहे. त्यात लवादाचं नाव आहे आणि खाली 'माझी हरकत नाही' असं लिहिलंय. १५ दिवसांत सही करून पाठवा म्हणतात. त्यातले सहा दिवस गेले.

अण्णांनी फॉर्मवर सही केली ती बॉनेटवर कागद ठेवून. ते म्हणतात, 'सही माझी आहे, आता शब्द फिरवायचा कसा?' त्यात अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, असं कलम असलं की तिकडे गिऱ्हाइकाला कोर्टाचं दार बंदच. तेव्हापासून अण्णा गप्प आहेत, रात्री जेवणसुद्धा नीट नाही. गुरुग्रामला फेऱ्या मारणं आम्हाला शक्य नाही. सांगलीत तक्रार करता येईल का? आणि त्या कागदाचं काय करू?

कृष्णाकाठचा_वकील

आधी कागदाचं. सही करू नका, अण्णांनाही करू देऊ नका.

लवाद आणि समेट कायद्याच्या कलम १२(५) प्रमाणे कंपनीशी हितसंबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमायचा, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात चालू दिलं नाही. पण याला एक वाट ठेवली आहे: वाद उभा राहिल्यानंतर तुम्ही लेखी संमती दिलीत तर ती हरकत सोडून दिली असं धरतात. तुमच्याकडे आलेला कागद नेमका त्यासाठीच आहे असं मला वाटतं.

दुसरा धोका त्याहून मोठा. २०१२ च्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या निकालात शेतकरी ग्राहकच आहेत आणि करारात लवादाचं कलम असलं तरी ते ग्राहक मंचाकडे (आताचा ग्राहक आयोग) जाऊ शकतात, असं न्यायालयाने सांगितलं. तो वाद बियाण्याचा होता, आंध्रातल्या शेतकऱ्यांचा. पण त्याच निकालात असंही म्हटलंय की जो आपण होऊन लवादाची वाट धरतो, त्याला मागाहून ग्राहक मंचात येता येणार नाही असं म्हणता येऊ शकतं. म्हणजे पहिलं पाऊल कुठे टाकता त्याला महत्त्व आहे.

कंपनी आयोगापुढे लवाद कायद्याच्या कलम ८ चा अर्ज देईल, 'लवादाकडे पाठवा' म्हणून. त्याला घाबरू नका. डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात हाच मुद्दा होता. लवाद कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतरही ग्राहकाला लवादाकडे ढकलता येत नाही, असा निकाल लागला. २०२३ मध्ये हेमलता देवी प्रकरणात पुन्हा तेच. मुळात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम १०० सांगतं की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे.

भाऊ म्हणाला ते अमेरिकेपुरतं खरं आहे. तिथे १९२५ चा संघीय लवाद कायदा आहे. २०११ च्या एटी अँड टी विरुद्ध कन्सेप्सिऑन खटल्यात 'फुकट' फोनवर ३०.२२ डॉलर कर घेतल्याची तक्रार होती, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लवादाचं कलम उचलून धरलं, सगळ्या ग्राहकांनी मिळून दावा करायची वाटही बंद केली. आपल्या संसदेने तसा कायदा केलेला नाही.

सांगलीतच तक्रार करा, तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती चालते. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

कोरेगावची_मुलगी

एक विचारते, ब्लोअर भाड्याने देता का? आमच्या चुलत्यांच्या मळणीयंत्रावर 'व्यापारी हेतू' हाच आक्षेप आला होता.

द्राक्षकरी_तासगाव

नाही ताई, फक्त आमच्या बागेत. चालवतात अण्णाच.

कृष्णाकाठचा_वकील

मग तेच तक्रारीत स्पष्ट लिहा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत, हे कायद्यातच आहे. मेकॅनिकच्या चारही भेटींची जॉबकार्डं आणि काढलेले डायफ्राम जपून ठेवा. पंप उघडू नका. आयोगाकडे तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते आणि यंत्र आधीच खोललेलं असेल तर कंपनी तुमच्यावरच ढकलेल.

कंपनीला गप्पही राहू नका. 'या नेमणुकीला आमची संमती नाही, आम्ही ग्राहक आयोगात जात आहोत' एवढं स्पीड पोस्टाने कळवा, पोहोच ठेवा. न कळवता बसलात आणि तिकडे एकतर्फी निवाडा झाला, तर तो रद्द करायला तीन महिने आणि फार तर आणखी ३० दिवस मिळतात. अण्णांना सांगा, शब्द त्यांनी मोडलेला नाही. चालणारा ब्लोअर देण्याचा शब्द कंपनीचा होता.

द्राक्षकरी_तासगाव

दादा, तुमचं उत्तर अण्णांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी उठून त्यांनी कपाटातून जॉबकार्डं काढली. तीन सापडली, चौथं मेकॅनिकने दिलंच नव्हतं, पण त्या दिवशीचा त्याचा फोन आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला पंपाचा फोटो आहे. तो चालेल का? पत्र उद्या सकाळी तासगावच्या पोस्टात टाकतो.