मदत हवी आहे : सेलूहून पोर्ट ब्लेअरला (श्री विजयपुरम) जहाजानं जायचंय, सोबत ७४ वर्षांचे वडील

नमस्कार मंडळी,

सेलू, जि. परभणी इथून लिहितोय. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अंदमानला न्यायचं आहे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पण गोळ्यांवर ताब्यात आहे. उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर तासभर आरामात चालतात, जिन्याला मात्र कठडा लागतो. त्यांनी आजवर समुद्र पाहिलेला नाही. येलदरी आणि पैठणचा नाथसागर, एवढंच काय ते मोठं पाणी.

विमानानं न्यायचं असतं तर विचारायची गरज पडली नसती. रात्री अजिंठा एक्स्प्रेस धरली की सकाळी हैदराबाद, आणि तिथून थेट विमान आहे. पण अण्णा ऐकत नाहीत. "ढगाच्या वरून जाऊन लोक काय बघायलेत? ज्या पाण्यावरून त्यांना नेलं, त्या पाण्यावरून मला जायचंय," असं म्हणतात.

आता "त्यांना" म्हणजे कोणाला, तर ऐकणाऱ्याच्या मनात सावरकर येतात. ते तर आहेतच. जून १९११ मध्ये मद्रासहून 'महाराजा' नावाच्या जहाजात चढवलं आणि ४ जुलैला अंदमानात उतरवलं, ही तारीख अण्णांच्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा. पण अण्णांच्या मनात आणखी एक माणूस आहे, मौलवी अलाउद्दीन. १७ जुलै १८५७ ला हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि हे मौलवी जमाव घेऊन इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीच्या निवासावर, चालून गेले. तुर्रेबाज खान पुढं मारले गेले, मौलवींना काळ्या पाण्याची सजा झाली आणि ते तिकडंच वारले. तेव्हा सेल्युलर जेल बांधलेलाही नव्हता, तो १८९६ ते १९०६ या काळातला. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. अण्णा म्हणतात, "आपल्या राज्यातला माणूस गेला अन् परत आला नाही. आपल्या पोरांना नावसुद्धा ठाऊक नाही." हे म्हणताना त्यांचा आवाज बदलतो, म्हणून मीही विमानाचा आग्रह सोडला.

मी आतापर्यंत काय शोधलं ते सांगतो. जहाजं तीन ठिकाणांहून सुटतात : चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम. अंतर चेन्नईहून ११९० किमी, विशाखापट्टणमहून १२०० आणि कोलकात्याहून १२५५. म्हणजे समुद्रातला प्रवास तिन्हीकडून जवळपास सारखाच, पन्नास-साठ तासांचा. फरक पडतो तो घरून बंदरापर्यंत जाण्यात आणि फेऱ्यांत. चेन्नई आणि कोलकात्याहून महिन्याला तीन-चार फेऱ्या, विशाखापट्टणमहून एकच, असं सरकारी माहितीत वाचलं. मला विशाखापट्टणम सोयीचं वाटतं, कारण नांदेडहून थेट गाडी आहे. चेन्नईसाठी नगरसोल–चेन्नई एक्स्प्रेस आहे, ती आपल्याच मार्गानं जाते, पण आठवड्यातून एकदाच. जहाजाची तारीख आणि तिचा वार जुळायचा कसा?

मधे एका टूरवाल्याकडं चौकशी केली. जहाजं कधीच बंद झाली असं त्यानं छातीठोक सांगितलं आणि विमानाचं पॅकेज पुढं केलं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. नंतर मला कळलं की जहाजं चालू आहेत. तेव्हापासून कुणा दुकानदाराला विचारायचं नाही, जाऊन आलेल्यालाच विचारायचं असं ठरवलंय.

ज्वारीची सुगी आणि हरभरा आटोपला की निघायचा विचार आहे, म्हणजे फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च. तेव्हा समुद्र कसा असतो? या वयाच्या माणसाला बंक क्लास झेपेल का केबिनच घ्यावी? तिकीट किती आधी मिळतं? जहाजावर शाकाहारी जेवण आणि डॉक्टर असतो का? आणि परतीचं कसं करावं? आई घरी एकटी राहील, त्यामुळं अण्णांना पंधरा दिवसांच्या आत परत आणायचं आहे.

—

प्रतिसाद :

दादा, आम्ही नांदेडचे. सासूबाईंना घेऊन चेन्नईहून जहाजानं गेलो होतो, त्यांचं वय तेव्हा ६८. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. रेल्वेसारखं दोन महिने आधी आरक्षण करून निवांत बसता येत नाही. फेरीची तारीख उशिरा जाहीर होते आणि जाहीर झाल्यावरही पुढं-मागं होते. आमचं जहाज दीड दिवस उशिरा सुटलं. चेन्नईत लॉजवर बसून काढला तो वेळ. म्हणून रेल्वेनं पोचायचं ते जहाजाच्या आदल्या दिवशी नाही, दोन-तीन दिवस आधी. तिकडचं हॉटेलही पहिल्या रात्रीचं पैसे भरून ठेवू नका.

बंक म्हणजे मोठ्या हॉलमध्ये एकावर एक बर्थ. तरुण पोरांना चालतं, पण अण्णांना नेऊ नका. रात्री दोनदा उठायचं म्हटलं तरी डुलत्या जहाजात बर्थांच्या ओळीतून वाट काढावी लागते. सेकंड क्लासच्या केबिनमध्ये चार-सहा जण असतात, फर्स्ट क्लासमध्ये त्याहून कमी, डिलक्समध्ये दोघंच. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा, पण केबिन घ्या आणि खालचा बर्थ मागून घ्या. चढताना शिडी उभी असते, तिथं मागं एक आणि पुढं एक असा आधार द्या. सामान स्वतः उचलू नका, हमाल करा, म्हणजे हात मोकळे राहतील.

जेवण मिळतं, शाकाहारीही मिळतं. भात-सांबार-भाजी असं साधं. सासूबाईंना भाकरीवाचून करमेना, म्हणून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. त्या दशम्यांवरच त्यांनी दोन दिवस काढले. आमच्या फेरीत जहाजावर डॉक्टर होता.

आणि हे आईंना आधीच सांगून ठेवा : किनारा सुटला की काही वेळानं मोबाईलची रेंज जाते, ती थेट अंदमान जवळ आल्यावरच येते. आम्ही सांगायला विसरलो आणि दिराने घाबरून नातेवाईकांत फोनाफोनी केली.

विशाखापट्टणमचं सांगायचं तर गाडी सोयीची आहे खरी, पण महिन्यात एकच फेरी. ती हुकली की महिना गेला. तुमची सुगी आणि आईंचे पंधरा दिवस, दोन्ही सांभाळायचं तर चेन्नईच धरा. साप्ताहिक गाडीचा नाद सोडा. आधी हैदराबाद गाठा, तिथून चेन्नईला रोज गाड्या आहेत. मधे एक दिवस हैदराबादेत थांबा आणि अण्णांना तिथल्या कोठी भागातली ती रेसिडेन्सी दाखवा. मौलवी जिथून गेले तिथूनच त्यांचीही वाट सुरू होऊ द्या.

—

प्रतिसाद :

मी तीन वर्षं पोर्ट ब्लेअरला नोकरीला होतो, मूळ गाव गंगाखेड. फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ. मे ते सप्टेंबर पावसाळी वारं असतं आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांची भीती. तुम्ही निवडलेले दिवस त्या मानानं शांत.

जाताना जहाज, येताना विमान, असं करा. परतीच्या जहाजाची वाट बघत बसलात तर पंधरा दिवसांचं गणित कोलमडेल. विमानाच्या साइटवर नाव जुनं-नवं काहीही दिसलं तरी घाबरू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, विमानतळाचा कोड मात्र 'आयएक्सझेड'च आहे. परतीचं विमान जहाज पोचायच्या अंदाजानंतर किमान पाच-सहा दिवसांनी ठेवा.

जहाज हॅडो धक्क्याला लागतं. तिथून शहर रिक्षाच्या टप्प्यात आहे. घड्याळ आपलंच, पण सूर्य खूप आधी येतो. पहाटे पाचला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचनंतर काळोख. म्हणून जेल सकाळी बघा. मूळ सात शाखांपैकी तीनच आज उभ्या आहेत. वरच्या मजल्यांचे जिने अण्णांना सावकाश चढवा. नाही जमलं तरी खालच्या मजल्यावरच्या कोठड्या पाहायला मिळतातच. सरकारी दवाखाना म्हणजे जी. बी. पंत हॉस्पिटल, शहरातच आहे. भारतीयांना शहरासाठी परवाना लागत नाही, पण ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा.

मौलवींच्या काळाचं काही बघायचं असेल तर चॅथम बेट. १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत तिथूनच सुरू झाली. पूल आहे, बोटीत बसावं लागत नाही.

—

प्रतिसाद :

मळमळीच्या गोळीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अ‍ॅव्होमिन लोक सर्रास घेतात, पण तिनं गुंगी येते. लघवीचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर ती गोळी या वयात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दुसरं, शुगरची गोळी घेतली आणि उलट्यांमुळं पोटात काही राहिलं नाही, तर साखर एकदम खाली जाते. अशा वेळी काय करायचं हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ग्लुकोज पावडर आणि साखर तपासायचं यंत्र हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. औषधं दिवस मोजून नका नेऊ, दहा दिवसांची जास्तीची न्या.

—

धागाकर्ता :

ताई, काका, डॉक्टरसाहेब (डॉक्टर आहात असं धरून चाललोय), तुमचे उपकार आहेत. सगळे प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले.

ठरलं ते असं : विशाखापट्टणम रद्द. हैदराबादला एक मुक्काम, तिथून चेन्नई, चेन्नईत तीन दिवस हाताशी ठेवून जहाज. केबिन फर्स्ट क्लासची मिळाली तर उत्तम, नाहीतर सेकंड. येताना हैदराबादपर्यंत विमान, त्याला अण्णा तयार झाले. "जाताना त्यांच्यासारखं जातो, येताना त्यांच्या वाट्याला आलं नाही तसं येतो," एवढंच म्हणाले.

कोठीच्या रेसिडेन्सीचं वाचताना त्यांनी मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं. मग आतून शाळेतली जुनी टाचणवही घेऊन आले. तेव्हापासून कोऱ्या पानावर चेन्नई ते चॅथम असा नकाशा काढायलेत. आईनं दशम्या कशा टिकवायच्या ते विचारलंय : ताई, दुधात भिजवलेल्या किती दिवस राहिल्या होत्या तुमच्या?