बोअर यंत्रावर मापात, तपासणी कक्षात लहान

प्रश्न (भोसरी): आमच्या सीएनसी लेथवर ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला ५० मिलिमीटरचे बोअर (आतले गोल भोक) पाडले जाते. रोबोने काढलेला जॉब (तयार झालेला भाग) यंत्राशेजारी बोअरगेजने (भोकाचा व्यास मोजणाऱ्या साधनाने) तपासला की मापात असतो, पण तोच तासाभराने वातानुकूलित कक्षात दहा-अकरा मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान भरतो. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे पाते) बदलूनही फरक पडला नाही.

उत्तर: इन्सर्टचा यात दोष नाही. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते; त्यामुळे ३० अंशांवरचे बोअर निवल्यावर साडेअकरा मायक्रॉनने आकसणारच.

दुसरे उत्तर (चाकण): गेजचा शून्य ज्या पोलादी रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) लावता, ती कुठे असते? पोलादाचे प्रसरण ॲल्युमिनियमच्या जवळपास निम्मे असल्याने रिंग यंत्राजवळ ठेवली तरी फरक निम्माच मिटेल. जॉब निववूनच मोजावा. घाईत दिलेला ऑफसेट (यंत्रात भरलेली मापाची दुरुस्ती) पुढची अख्खी बॅच बिघडवतो, हे मी रिजेक्शनच्या लाल क्रेटपाशी उभा राहून शिकलो आहे.

प्रश्नकर्ता: रिंग तपासणी कक्षाच्या कपाटातच होती आणि शून्यही सकाळी तिथेच लावला जात असे. आता जॉब अर्धा तास ओतीव लोखंडाच्या सरफेस प्लेटवर (मापनासाठीच्या जाड, सपाट पाटावर) निववतो. फरक दोन मायक्रॉनवर आला आहे.