भाताच्या पेंढ्यापासून घरगुती बायोगॅस: कोणते संयंत्र निवडावे?

मुलुंडकर
नमस्कार. मी मुलुंडला राहतो. मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित भातशेती असून ती थोरले चुलते पाहतात. गोठ्यात दोन म्हशी आणि एक बैलजोडी आहे. ऐन कापणीत परतीचा पाऊस आला की पेंढा भिजून काळा पडतो, गुरे त्याला तोंड लावत नाहीत आणि शेवटी तो जाळावा लागतो. या पेंढ्यापासून आणि गिरणीतल्या तुसापासून घरापुरता गॅस व शेतासाठी खत मिळू शकेल का, कोणते संयंत्र घ्यावे आणि मुंबईत चौकशी कोठे करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चेंबूरकर
तुसाचा विचार प्रथम सोडून द्यावा. त्यात सिलिका आणि लिग्निन भरपूर असल्याने ते जवळजवळ कुजत नाही आणि टाकीत नुसते जागा अडवून बसते. ते वीटभट्टीला विकलेले बरे. पेंढा कुजतो, मात्र सावकाश, आणि एकट्याने तर नाहीच. गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना कर्ब व नत्र यांचे प्रमाण 20 ते 30 ला 1 असे मानवते, तर भाताच्या पेंढ्यात ते बहुधा 60 च्या पुढे असते. शेणात नत्रही असते आणि जिवाणूंचे आयते विरजणही, म्हणून पाया शेणाचाच ठेवावा. आपल्या चार जनावरांच्या शेणावर 2 घनमीटरचे संयंत्र चालू शकेल. त्याला रोज सुमारे 50 किलो शेण व तितकेच पाणी लागते आणि त्यातून पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो.

पेंढा घालायचा असेल तर माझ्या मते खादी ग्रामोद्योग पद्धतीचे, तरंगत्या टाकीचे संयंत्रच घ्यावे. पेंढा पोकळ असल्याने वर तरंगतो व त्याची जाड साय धरते. वरची टाकी रोज हाताने दोन-चार वेळा फिरवली की ती मोडते. दीनबंधू पद्धतीच्या बंद घुमटात ही सोय नाही. तेथे साय घट्ट झाली, तर संयंत्र रिकामे करण्याची पाळी येते आणि ते काम जोखमीचे असते, कारण आतील वायूने माणूस गुदमरू शकतो. चुलत्यांना हे आवर्जून सांगावे.

पेंढा कडबाकुट्टीतून बोटाच्या पेरापेक्षा बारीक कापून, संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या स्लरीतच काही दिवस भिजत घालावा. सुरुवात 50 किलो शेणामागे 2 किलोंपासून करावी. गॅसची ज्योत मंदावली किंवा स्लरीला आंबूस वास येऊ लागला, तर काही दिवस पेंढा बंद ठेवून फक्त शेण घालावे.

विलेपार्लेकर
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त स्लरीकडे अधिक लक्ष वेधू इच्छितो, कारण माझ्या मते शेतकऱ्याचा खरा लाभ गॅसपेक्षा तिच्यात आहे. पेंढा जाळला की त्यातील जवळजवळ सगळा नत्र हवेत जातो. टाकीत मात्र कर्बाचा गॅस होतो आणि नत्र, स्फुरद व पालाश स्लरीत टिकून राहतात. ती उन्हात वाळवल्यास नत्राचा मोठा भाग उडून जातो, त्यामुळे ओलीच पालापाचोळ्याच्या खड्ड्यात सोडावी आणि ते खत चिखलणीपूर्वी शेतात मिसळावे.

चौकशीसाठी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय विलेपार्ले पश्चिमेला इर्ला येथेच आहे. अनुदानाबाबत मात्र बांधकाम सुरू करण्यापूर्वी मुरबाडच्या पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारावे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे निसर्गऋण हे तंत्र उत्तम आहे, परंतु ते मुख्यतः स्वयंपाकघरातील व भाजीबाजारातील ओल्या कचऱ्यासाठी असल्याने आपल्याला त्याची गरज भासणार नाही.

मुलुंडकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. गावातील सर्वांचा पेंढा एकत्र केला, तर केंद्र सरकारच्या 2018 च्या ‘सतत’ (SATAT) नावाच्या योजनेखाली तेल कंपन्यांना गॅस विकता येईल का?

चेंबूरकर
घरगुती संयंत्रातून नाही. विक्रीच्या गॅसमध्ये किमान 90 टक्के मिथेन असावा लागतो आणि आपल्या टाकीतील गॅसमध्ये तो साधारण 55 ते 60 टक्के असतो. कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून गॅस दाबाखाली भरण्याची यंत्रणा रोज कित्येक टन कच्चा माल मिळाला तरच परवडते, आणि तोही बारा महिने; पेंढा मात्र वर्षातून एकदाच निघतो. एक हंगाम घरचे संयंत्र चालवून पाहावे आणि मगच गावाला सोबत घ्यावे.