अंकल म्हणजे मामा की काका?

भाषांतरवाली: मी सोलापुरात कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरं करते. परवा व्हिसाच्या फाइलीसाठी एक लग्नपत्रिका आली. काका, मामा, मावसोबा, आत्याचे यजमान, सगळ्यांना ‘अंकल’ लिहून मी मोकळी झाले. गिऱ्हाईक भडकलं. "ताई, नवरीला मांडवात आणलं मामांनी, आणि तुम्ही त्यांना काकांच्या रांगेत बसवलंत?" इंग्रजांना हा फरक कधी कळतच नव्हता का हो?

जुनापुराणा: कळत होता की! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मामा ‘एआम’ होता आणि काका ‘फॅडेरा’. आत्या, मावशीही वेगवेगळ्या होत्या. 1066 ला नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच चालू लागली, त्या वाटेने ‘अंकल’ आणि ‘आंट’ घुसले. खरी गंमत त्याच्याही मागे आहे. लॅटिन ‘अवुन्कुलुस’ म्हणजे फक्त आईचा भाऊ, शब्दशः ‘छोटे आजोबा’. ‘अमिता’ म्हणजे फक्त वडिलांची बहीण. थोडक्यात अंकल हा मूळचा मामा आणि आंट ही मूळची आत्या. काकाला लॅटिनमध्ये ‘पात्रुउस’ होता, तो बिचारा इंग्रजीपर्यंत पोचलाच नाही. गिऱ्हाइकाला सांगा, त्या रांगेत उपरे काका आहेत!

गोथेनबर्गकर: आमच्या इथे स्वीडिशमध्ये अजून शाबूत आहे सगळं. मामा ‘मुर्ब्रुर’, काका ‘फार्ब्रुर’, मावशी ‘मुस्तर’, आत्या ‘फास्तर’. आई, बाप, भाऊ, बहीण यांचीच जोडणी. मुलीला समजवायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

भाषांतरवाली: वा! आणि नेफ्यू?

जुनापुराणा: लॅटिन ‘नेपोस’. त्यात नातूही यायचा, पुतण्या-भाचाही. संस्कृत ‘नप्तृ’ त्याच कुळातला, आणि त्यातूनच आपला ‘नातू’.

भाषांतरवाली: शेवटचं एक. याच फाइलीत नवरी नवऱ्याच्या मामाची मुलगी आहे. मी ‘कझिन’ लिहिलंय. चालेल ना?

जुनापुराणा: आज चालतं. पण मूळ ‘कोन्सोब्रिनुस’ म्हणजे मावशीचं मूल!

भाषांतरवाली: अगं बाई! आपल्यात मामाची मुलगी करतात, मावशीची म्हणजे सख्ख्या बहिणीसारखी. त्या गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायची नाही मी. ‘मदर्स ब्रदर्स डॉटर’ टाइप करते आणि झेरॉक्सवाला शटर ओढायच्या आत पळते.