साम्राज्य वाढेल हो, पण वसुलीचं काय?

तुमच्या विज्ञानकथेत टाऊ सेटी या ताऱ्याजवळच्या वसाहतीकडून सम्राट धान्याचा कर घेतो, हे गणितात बसत नाही. एक किलोची गुळाची ढेप प्रकाशाच्या १० टक्के वेगाने धाडायला विजेची साधारण साडेबारा कोटी युनिट लागतात. तिकडे थांबवायला वेगळे. आपल्या गुळाला एवढा भाव कधी मिळालाय! त्यामुळे कर घ्यायचा तर माहितीचाच.

पृथ्वीपासून अंतर सुमारे १२ प्रकाशवर्षं. हुकूम पाठवून उत्तर यायला २४ वर्षं, त्याच १० टक्के वेगाने आरमार पोचायला १२०. तोवर बंडखोरांचे पणतू गादीवर. राजाराम महाराज जिंजीला असताना रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपन्हा' करून इकडचे, महाराष्ट्रातले अधिकार सोपवले होते. कथेतल्या सुभेदारालाही तसेच द्या. विचारून लढणारा सुभेदार तिथं टिकणारच नाही.