प्रतिसाद: पाडव्याच्या पानातला गूळ
आजी-आजोबांच्या पोटात गोड कमी जावं म्हणून पुरणपोळीच्या पुरणातला गूळ निम्मा करा, असं वरच्या लेखात सुचवलंय. निम्म्यावर पुरण बेचव होतं. 1 वाटी हरभरा डाळीला पाऊण वाटी पुरतो. त्यापेक्षा पोळी एकच वाढा. कट (डाळ शिजवलेलं पाणी) पूर्ण निथळा, नाहीतर गूळ विरघळल्यावर पुरण सैल पडतं नि पोळी लाटताना फुटते. पुरणात उलथणं उभं राहिलं की गॅस बंद. मैद्याऐवजी कणीक, दोनदा चाळून, सैल भिजवून 2 तास तेलात मुरवलेली.

खरा फरक कोसंबरीनं, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीच्या कोशिंबिरीनं पडतो. अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवून निथळा, काकडी, थोडं ओलं खोबरं, लिंबू घाला. मीठ मात्र वाढताना, आधी घातलं तर पाणी सुटतं.

बेवू-बेल्लातला (पाडव्याच्या कडुलिंब-गुळाच्या प्रसादातला) गूळही हिशेबात धरा. बेळगावात तो कुणी धरत नाही!