काँक्रीट + सागवान + इपॉक्सी टेबल, बुडबुडे का येतायत?

कोकणकर_८१: मंडळी, गावचं घर उतरवलं तेव्हाची सागवानी फळी जपून ठेवलेली, तिच्या दोन्ही बाजूला काँक्रीट ओतून मधल्या फटीत इपॉक्सी (दोन द्रव मिसळून ओतायचं, मग कडक होणारं रेझिन) असा 4 बाय 2 फुटाचा टेबलटॉप केला, जाडी 40 मिमी. काँक्रीट ओतून 9 दिवसांनी इपॉक्सी ओतलं आणि सकाळी बघतो तर सगळा सोडा वॉटर! कडेला पांढरट पण झालंय. काय चुकलं?

रंधा: 9 दिवस?? घाई नडली राव. काँक्रीटला 28 दिवस द्यायचे असतात, आणि त्यानंतरही रात्रभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून बघायचा, खाली दव दिसलं तर अजून थांबायचं. पांढरटपणा बहुतेक त्या ओलीचाच. बुडबुडे मात्र लाकडाच्या छिद्रांतली हवा, आधी ब्रशने इपॉक्सीचा पातळ हात मारून सुकू द्यायचा होता.

मीनल_ठाणे: आणि एकदम जाड ओतू नका, तापतं ते. मी मगमध्ये उरलेलं तसंच ठेवलं तर धूर निघाला होता, तो मगही वितळून वाकडा 😅

कोकणकर_८१: आता उपाय?

रंधा: वरचा थर घासून काढ, मास्क लावून हां, मग महिनाभर विसर. पावसाळ्यात तर हातच लावू नको. आणि पाय मजबूत घे, काँक्रीटच जवळपास 60 किलो भरेल.

कोकणकर_८१: बायको विचारतेय जेवायचं कशावर 🙏